ब्लॉक मागून घ्या: बेळगावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा अनुभव

लॅबचं नाव लिहीत नाही, ते आधीच सांगते. बेळगावात प्रत्येक जण कुणाचा तरी पाहुणा निघतो. शिवाय या लिखाणात दोन लॅब आहेत, त्यातल्या एकीबद्दल मला तक्रार करायची आहे, आणि एकीचं नाव देऊन दुसरीचं झाकलं तर लोक बसून ताळा लावतात. जिच्याबद्दल मुख्यतः लिहितेय ती टिळकवाडी भागात आहे, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाचपैकी चार तारे. एक तारा कुठं कापला ते पुढं येईल.

मी वडगावची. घरी चार पॉवरलूम, साड्यांचे. मी कांड्या भरते, हिशेब बघते आणि तयार साडी व्यापाऱ्याकडं जायच्या आधी तपासते. वय चौतीस. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात पडलं. त्यानंतर अडीच वर्षं काहीच नाही. त्या अडीच वर्षांबद्दल इथं लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, आणि बाकीच्यांना आमच्या आत्यांनी (सासूबाईंना आम्ही आत्याच म्हणतो) सगळं सांगून झालंय.

तपासणी कसली ते सांगते. आमच्याकडं 'पिशवीला सूज' हा शब्द फार स्वस्त आहे. सोनोग्राफीत पिशवी जरा मोठी दिसली, सूज. पाळीत पोट दुखलं, सूज. पांढरं जातंय, सूज. मला तीन डॉक्टरांनी तीनदा सूज सांगितली आणि तिन्ही वेळा पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मी ज्या सुजेबद्दल लिहितेय ती अशी साध्या सोनोग्राफीवरून ठरवता येत नाही. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर, म्हणजे एंडोमेट्रियम, त्यात महिनोन्महिने मुरून बसलेला दाह. क्रॉनिक एंडोमेट्रायटिस. बहुतेक बायकांना काही जाणवतही नाही. कुणाला मधेच डाग दिसतो, कुणाचं ओटीपोट जड राहतं. मला पाळीच्या आधी दोन दिवस तपकिरी डाग दिसायचा, तो मी कधी कुणाला सांगितला नव्हता, कारण कुणी विचारलं नव्हतं. (एंडोमेट्रिओसिस हा वेगळा आजार बरं का. नावं सारखी वाटतात म्हणून माझ्या जावेनं दोन महिने भलत्याच आजाराचे व्हिडिओ मला पाठवले.)

गेल्या वर्षी पावसाळ्यात दुर्बीण घालून तपासणी झाली आणि अस्तराचा तुकडा पहिल्या लॅबला गेला. पाळीचा बाविसावा दिवस होता. अहवाल आला चार ओळींचा: सिक्रेटरी एंडोमेट्रियम (म्हणजे पाळीच्या उत्तरार्धातलं अस्तर), ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तशा बारीक गाठी) नाही, कर्करोगाची लक्षणं नाहीत, सही. 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून सांगितलं. आत्यांनी कपिलेश्वराला नारळ फोडला. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू.

सात महिन्यांनी डॉक्टर बदलली. नव्या मॅडमनी ते चार ओळींचं कागद वाचलं, उलटं करून मागं बघितलं, आणि विचारलं, "यात प्लाझ्मा पेशी बघितल्या होत्या का?"

मी म्हटलं, "त्यात लिहिलंय की, नॉर्मल म्हणून."

"नाहीत असंही लिहिलेलं नाही आणि आहेत असंही नाही. बघितल्या की नाही तेच कळत नाही. ब्लॉक घेऊन या."

प्लाझ्मा पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी, अस्तरात त्या बऱ्याच दिसल्या की या मुरलेल्या दाहाचा संशय येतो. ब्लॉक म्हणजे काय तेही मला तेव्हा कळलं. आपला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, त्यातलं पाणी काढतात आणि पॅराफिन मेणात बसवतात. काडेपेटीहून लहान अशी प्लास्टिकची चौकट, त्यावर मेणाची वडी, आणि वडीत मसुराएवढं काहीतरी करडं. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे मायक्रॉन. म्हणजे मसुराएवढ्या तुकड्यातून दोन-चार काप कापून चार ओळी लिहिल्या, पण उरलेला तुकडा मेणात तसाच शाबूत असतो. त्यावर पुन्हा, वेगळी तपासणी करता येते. बाईला परत टेबलावर झोपावं लागत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

तो आणायला पहिल्या लॅबला तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी: ज्यांच्याकडं कपाटाची किल्ली ते रजेवर, "नाळे बर्री". बेळगावात ज्याला कन्नडचं एक अक्षर येत नाही त्यालाही हे दोन शब्द कळतात. उद्या या. दुसऱ्या दिवशी: ब्लॉक पेशंटला देत नाही, डॉक्टरांचं पत्र आणा. तिसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेले तर दहा मिनिटांत निघाला. म्हणजे किल्ली होती, कपाटही होतं. वर नंबर पेनानं लिहिलेला, शेवटचा आकडा पुसट. तो तीन की आठ, हे काउंटरवरच्या मुलाला सांगता येईना. मी हट्टानं त्यांचं रजिस्टर उघडायला लावलं. आठ होता. तीन नंबरवाली बाई कोण, तिचं काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून दोन दिवस जाईना. आमच्याकडं भीमावरची (उभं सूत गुंडाळलेल्या रुळावरची) चिठ्ठी पुसली तर एक साडी चुकीच्या रंगाची निघते, तेवढंच नुकसान.

आता दुसरी लॅब, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं.

काउंटरवर फॉर्म भरून घेतात. छापलेला कन्नड आणि इंग्रजीत. मराठी नाही. पण काउंटरवरची मुलगी सगळा फॉर्म मराठीत वाचून दाखवते, आणि घाईत नाही. शेवटची पाळी कधी सुरू झाली, आज कितवा दिवस, गेल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलं का, घरात कुणाला टीबी झाला होता का, कॉपर-टी बसवली होती का. पहिल्या लॅबच्या कागदावर माझं नाव आणि वय एवढंच होतं, वयही दोन वर्षांनी जास्त. पाळीचा दिवस मला इथं पहिल्यांदा कुणी लॅबवाल्यांनी विचारला, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा निघाला.

प्लाझ्मा पेशी रंगवून दाखवणाऱ्या सीडी १३८ या एका तपासणीचे १,८०० रुपये घेतले, ब्लॉकवर. पाच दिवस लागतील म्हणाले. पाचव्या दिवशी अहवालाऐवजी फोन आला, खुद्द पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा. "तीन पेशी संशयास्पद आहेत, पण मी होय म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तुकडा चुकीच्या दिवसांत घेतलाय."

पाळी येण्याच्या जवळ जवळ अस्तर आपोआपच बदलतं, पेशींमधली जागा सुजल्यासारखी दिसते, वेगवेगळ्या पांढऱ्या पेशींची गर्दी वाढते, पाळीच्या तोंडावर तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही येतात. हे सगळं निरोगी बाईत होतं. त्या गर्दीत दोन-चार प्लाझ्मा पेशी शोधायच्या म्हणजे गणपतीच्या दिवसांत गणपत गल्लीत हरवलेलं पोर शोधायचं. पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसात अस्तर नुकतं उभं राहत असतं, तेव्हा माणसं कमी असतात आणि परका ओळखू येतो.

मला हा फोन फार आवडला. १,८०० रुपये घेतलेच होते. 'निगेटिव्ह' लिहून पाठवलं असतं तर मला कळणारही नव्हतं. 'पॉझिटिव्ह' लिहिलं असतं तर मी गोळ्या खाऊन मोकळी झाले असते. 'हे सांगता येत नाही, आणि का येत नाही ते असं' असं लिहून देणारी लॅब मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

मग नवव्या दिवशी पुन्हा तुकडा. तो घेतला माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी, पण बाटल्या लॅबनं पाठवल्या, एक नव्हे, दोन. एकीत फॉर्मॅलिन, दुसरीत नुसतं सलाईन. सलाईनची टीबीसाठी. आपल्याकडं बाईच्या अस्तरात मुरलेला दाह दिसला की टीबीचा विचार करावाच लागतो, आणि टीबीचे जंतू वाढवून बघायचे तर तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून चालत नाही, फॉर्मॅलिननं जंतू मरतात. पहिल्या वेळी माझा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच गेला होता, म्हणजे ती वाट तिथंच बंद. हा एक मुद्दा कुणी लक्षात ठेवला तरी पुरे: तुकडा घ्यायच्या आधी विचारा, बाटल्या किती आणि कशात. माझी टीबीची तपासणी निगेटिव्ह आली. ती सरकारी दवाखान्यात फुकट होते हे मला नंतर कळलं.

आता अहवाल आणायला गेले तेव्हाची गोष्ट. शनिवार, दुपारी तीन. सकाळची साखर-थायरॉइडची गर्दी ओसरलेली. मी पैसे भरता भरता काउंटरवरच्या मुलीला विचारलं की ह्या पेशी तुम्ही मोजता कशा. तिनं विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, माग आहेत, आम्हीही मोजतो, पिक ग्लासनं. ती आत गेली आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमनाच घेऊन आली.

पिक ग्लास ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी: घडीचं छोटं भिंग, खाली एक इंचाची चौकट. कापडावर ठेवायचं, डोळा लावायचा आणि त्या इंचात उभे तार किती, आडवे किती ते सुईच्या टोकानं मोजायचं. व्यापाऱ्यानं इंचाला साठ सांगितले आणि आपण बावन्न दिले तर तो तिथंच पकडतो. एका जागी मोजून भागत नाही. पदराजवळ एकदा, मधे एकदा, काठाजवळ एकदा.

मॅडम म्हणाल्या, "या, बघा मग."

त्यांच्या सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडलेला आहे. आधी त्यांनी साधी काच दाखवली, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची. ग्रंथी गोल गोल कापलेल्या दिसतात, पडवळाच्या चकत्यांसारख्या, आणि मधे सगळीकडं दाट जांभळे ठिपके. त्या मधल्या भागाला स्ट्रोमा म्हणतात. "यात प्लाझ्मा पेशी शोधा." मला सगळे ठिपके एकसारखे. त्यांनी बोट ठेवलं. एका पेशीचं केंद्र मधे नव्हतं, एका बाजूला सरकलेलं, आणि त्या केंद्रात घड्याळाच्या आकड्यांसारखे ठिपके गोल मांडलेले. "ही असावी. पण शेजारची तिच्यासारखीच दिसते आणि ती नाही. म्हणून नुसत्या या काचेवर त्या सुटून जातात. ज्यानं तुमचा पहिला अहवाल दिला त्यानं मुद्दाम लपवलं असं समजू नका."

मग दुसरी काच. आणि तिथं, निळ्या पार्श्वभूमीवर, खैराच्या रंगाचे डाग.

ही सीडी १३८. प्लाझ्मा पेशीच्या अंगावर सिंडेकॅन-१ नावाचं एक प्रथिन असतं, त्यालाच सीडी १३८ म्हणतात. त्याला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी काचेवर सोडतात आणि जिथं ती चिकटली तिथं तपकिरी रंग उमटवतात. बाकी सगळं फिकट निळं. मला वाटलं, सोपं आहे, तपकिरी मोजायचे. मी एका ग्रंथीकडं बोट दाखवलं, ती तर काठभर तपकिरी होती, एवढ्या पेशी! मॅडम हसल्या. ग्रंथींच्या भिंतीवरही हेच प्रथिन असतं, त्या नेहमीच रंगतात. त्या मोजायच्या नाहीत. मोजायचं फक्त मधल्या स्ट्रोमातलं, सुट्टं, आणि त्यातही ज्याचा आकार प्लाझ्मा पेशीचा आहे तेच. म्हणजे काठावरची जर सोडून द्यायची आणि अंगातली बुट्टी मोजायची. हे मला लगेच कळलं.

शेजारी आणखी एक काच होती, दुसऱ्या कुणाच्या टॉन्सिलची. टॉन्सिलमध्ये प्लाझ्मा पेशी असतातच, म्हणून ती प्रत्येक वेळी सोबत रंगवतात, तिला कंट्रोल म्हणतात. ती तपकिरी झाली नाही तर रंगच चढलेला नाही, सगळं परत करायचं. आम्ही नवा रंग आला की आधी एक लड बुडवून बघतो तसंच.

मग मी ज्याच्यासाठी थांबले होते तो प्रश्न विचारला. या पेशी तिथं आल्या कशाला?

मॅडमनी सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहितेय, चूक असेल तर माझी. आपल्या अस्तरात रोगप्रतिकारक पेशी असतातच, त्या असणं हा आजार नव्हे. मॅक्रोफेज असतात, ते दर पाळीनंतरचा केरकचरा खाऊन साफ करतात. टी पेशी असतात. आणि एनके पेशी असतात, त्यांचं पूर्ण नाव ऐकलं तर माणूस घाबरतो, नॅचरल किलर. पण पिशवीतल्या एनके कुणाला मारत बसत नाहीत. बीज सुटल्यावर त्यांची संख्या वाढते, आणि दिवस गेले की सुरुवातीच्या आठवड्यांत अस्तरातल्या प्रतिकारक पेशींत त्यांचाच भरणा सगळ्यात जास्त असतो. बाळाकडं रक्त नेणाऱ्या आईच्या धमन्या रुंद करायच्या कामात त्या हातभार लावतात. बी पेशी मात्र निरोगी अस्तरात अगदी मोजक्या. या बी पेशींना ओळखीचा शत्रू सापडला की त्यांच्यातल्या काहींच्या प्लाझ्मा पेशी होतात, आणि प्लाझ्मा पेशीला एकच काम, अँटिबॉडी काढत राहणं, सेकंदाला हजारोंनी. आमच्या मागासारखी. चालू झाली की थांबायचं नाव नाही.

म्हणून त्या स्ट्रोमात बऱ्याच दिसल्या तर समजायचं की शत्रू बराच काळ ठाण मांडून आहे, किंवा होता. बहुतेक वेळा साधेच जंतू असतात, ई. कोलाय, एंटेरोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, मायकोप्लाझ्मा, युरियाप्लाझ्मा. लैंगिक आजारच असेल असं नाही. हे मॅडमनी दोनदा सांगितलं, आणि ते का सांगितलं ते मला कळलं. आमच्याकडं पहिला संशय बाईवर.

मी विचारलं, दर महिन्याला अस्तर गळून जातं, मग हे जात कसं नाही? तर गळतं ते वरचं. खालचा थर तसाच राहतो, त्यातूनच नवं उगवतं. दाह तिथं मुरलेला असेल तर नव्या अस्तरात पुन्हा येतो.

मग मोजणी. दहा जागा, प्रत्येक जागा मोठ्या भिंगाखाली. त्या मोजत होत्या आणि मी मनातल्या मनात. माझ्या सतरा झाल्या, त्यांच्या चौदा. माझ्या तीन कुठं चुकल्या ते त्यांनी परत जाऊन दाखवलं. एक ग्रंथीची कड तिरकी कापली गेली होती, आणि दोन ठिकाणी नुसता रंगाचा गोळा. अहवालात १४ आली. 'स्ट्रोमात सीडी १३८ पॉझिटिव्ह प्लाझ्मा पेशी, १० हाय पॉवर फील्डमध्ये १४, प्रोलिफरेटिव्ह फेज, पाळीचा नववा दिवस, कंट्रोल योग्य.' (हाय पॉवर फील्ड म्हणजे मोठ्या भिंगाखालची एक जागा, प्रोलिफरेटिव्ह फेज म्हणजे पाळीनंतर अस्तर नव्यानं वाढण्याचे दिवस.) आणि खाली एक वाक्य: किती पेशींना आजार म्हणायचं यावर एकमत नाही, उपचाराचा निर्णय डॉक्टरांनी लक्षणं आणि इतिहास बघून घ्यावा.

या शेवटच्या वाक्यावर आमचे हे चिडले. "पैसे घेऊन वर एकमत नाही?" पण ते खरंच आहे. कुणी एक सापडली तरी आजार म्हणतं, कुणी पाच म्हणतं, कुणी एका फील्डमागं मोजतं, कुणी पूर्ण काचेवर. धडधाकट, लेकुरवाळ्या बायकांतही एखाद-दुसरी चुकार पेशी सापडते. सारखे गर्भ पडणाऱ्या किंवा टेस्ट ट्यूबचे प्रयत्न फसलेल्या बायकांत हा दाह जास्त आढळतो हे बऱ्याच अभ्यासांत आलंय, पण त्यामुळंच पडतात का, हे अजून पक्कं नाही. मी ह्यांना म्हटलं, व्यापारी नुसतं 'माल बरा आहे' म्हणाला तर तुम्ही ऐकता का? इंचाला किती ते विचारता. इथं इंचाला किती ते लिहून दिलंय. पुढचं भाव ठरवायचं काम डॉक्टरचं.

थोडं विषयांतर. त्याच बैठकीत मी पर्समधून एक जुनं कागद काढलं. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या वंध्यत्व केंद्रानं पॅकेजमध्ये रक्तातल्या एनके पेशींची तपासणी केली होती, ७,५०० रुपये, आणि 'जास्त आहेत, त्या बाळावर हल्ला करतात' म्हणून महागडी सलाईनं सुचवली होती. ती परवडली नाहीत म्हणून घेतली नव्हती, आणि त्याची रुखरुख मला दोन वर्षं होती. मॅडमनी कागद बघून एवढंच सांगितलं की रक्तातल्या एनके आणि पिशवीतल्या एनके, नाव एक, धंदा वेगळा. रक्तातल्या मोजून पिशवीतलं काही कळत नाही. दुसऱ्या केंद्राबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. मी मात्र काढते: माझे ७,५०० गेले ते गेले, दोन वर्षांची झोप कुणी भरून द्यायची?

औषध लॅब देत नाही. मी विचारून बघितलं, "ते माझं काम नव्हे" म्हणाल्या. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी डॉक्सिसायक्लिन दिलं, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. हे वाचून कुणी मेडिकलमधून परस्पर आणू नका, दिवस गेलेले असतील तर ते घेत नाहीत. मला सांगितलं होतं की भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका. चौथ्या दिवशी रात्री दमून घोटभर पाण्यात गिळून झोपले तर छातीत अशी आग झाली की पहाटेपर्यंत बसून काढली. दुधाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर घ्यायचं नाही, दोन्हीत अंतर ठेवायचं. ऊनही लागतं जास्त.

पुढची पाळी झाल्यावर पुन्हा तुकडा, पुन्हा तीच लॅब. या वेळी १० फील्डमध्ये ०. तपकिरी डागही थांबला. दिवस अजून गेलेले नाहीत, चार महिने झालेत. हे मुद्दाम लिहितेय, कारण असल्या लिखाणाच्या शेवटी बाळाचा फोटो असतो आणि मग वाचणारीला वाटतं १,८०० रुपयांत बाळ मिळतं. मी परीक्षण लॅबचं करतेय.

आता कापलेला तारा.

लॅबनं दोन्ही वेळा अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवला, ह्यांच्या नंबरवर. फॉर्मवर मी माझा नंबर लिहिला होता. 'पतीचा नंबर' असाही एक रकाना आहे, आणि त्यांची पद्धत अशी की तो भरला असेल तर तिथं पाठवायचा. ह्यांनी तो घाबरून त्यांच्या बहिणीला पुढं पाठवला, अर्थ विचारायला, ती नर्सिंग शिकलेली म्हणून. तिच्याकडून आत्यांकडं. मी लॅबमधून बसनं घरी पोचायच्या आत आत्या दारात, "तुझ्या पिशवीत चौदा काय सापडले म्हणे?" माझ्या शरीराचा अहवाल मी सोडून तिघांनी आधी वाचला. तक्रार केली तर काउंटरवरच्या मुलीनं माफी मागितली, पण दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तो रकाना मोकळा सोडा, हा माझा सल्ला. लॅबनं तो रकानाच काढावा, ही मागणी.

बारीकसारीक: जिना उंच आहे, तुकडा घेतल्याच्या दिवशी स्वतः चढू नका, बाटली दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवा. बसायला सहाच खुर्च्या. सकाळी दहापर्यंत उपाशीपोटी आलेल्यांची रांग, त्यात तुमचं काम अडकतं. दुपारी जा. या तपासणीला उपाशी राहायचं नसतं, मी उगाच पहिल्या दिवशी राहिले होते. पावती नीट देतात. ब्लॉक आणि काचा सही घेऊन त्याच दिवशी हातात देतात, नंबर यंत्रानं छापलेला, पुसत नाही. माझा आता जरीच्या कपाटात आहे, खालच्या खणात, कारण माडीवर पत्र्याखाली उन्हाळ्यात मेणाचं काय होईल ते सांगायला नको.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, कर्नाटक सरकारच्या 'शक्ती' योजनेत, आधार दाखवलं की झालं. सीमेपलीकडून, चंदगडकडून येणाऱ्यांना ती सोय नाही, त्यांना एसटीत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट, पुढं पूर्ण. औषधपाण्याला सगळ्या बेळगावलाच येतात, तिकिटं तेवढी तीन प्रकारची.

नंतरची भर. हे लिहून ठेवलं होतं तोवर माझी चंदगडची नणंद याच लॅबला जाऊन आली (नर्सिंगवाली नव्हे, धाकटी). तिलाही दोनदा पडलंय. तिचा तुकडा आठव्या दिवशी घेतला, दोन बाटल्या, सगळं नीट. अहवाल: १० फील्डमध्ये ०, कंट्रोल योग्य, पाळीचा आठवा दिवस. ती चिडून मला म्हणाली, "वहिनी, काहीच निघालं नाही आणि पैसे तेवढेच घेतले की!"

मी म्हटलं, "अगं, बघितलं आणि नाही, असं लिहून मिळालंय तुला. मला ते मिळायला सात महिने आणि तीन खेपा लागल्या."

"मग आता पुढं काय?"

ते मला सांगता आलं नाही. डॉक्टर मॅडमकडं तिची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे. ब्लॉक तिनं मागून घेतलेलाच नव्हता. शनिवारी मी सुतासाठी रविवार पेठेत जाणार आहे, येताना तिची पावती दाखवून घेऊन येते. जिन्याचं काय, मी चढेन.